तीनशे बारा

"पाच शब्द सांगते, वुओक्को. थोड्या वेळानं परत विचारीन."
घोडा. शिडी. चर्च. निळा. हातमोजा.
पिन्या मोठ्यानं बोलते, मी बहिरी असल्यासारखी.
मी बहिरी नाही. पंचाहत्तरची आहे.
खिडकीबाहेर पिएलिनेन तळं गोठलंय,
त्यावरून कुणाची तरी बर्फगाडी आडवी चाललीय.

बहात्तरच्या फेब्रुवारीत मी अशीच बसायचे,
फक्त टेबलाच्या पलीकडच्या बाजूला.
शाळेच्या वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकांवर
गुडघे छातीशी घेऊन बसलेले लाकूडतोडे,
हात फावड्याएवढे,
आणि सुई दिसली की मान भिंतीकडे.
आठवड्यानं आकडे यायचे.
दोनशे नव्वद. तीनशे चाळीस.
पन्नाशीच्या आत जंगलात कोसळायचे आमचे पुरुष:
करवत अर्ध्या खोडात,
माणूस बर्फात,
थर्मासमधली कॉफी अजून गरम.

मी घरोघर गेले.
ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही,
सरळ सांगितलं, लोणी सोडा.
बायका बघत राहिल्या,
जशी मी चर्चमध्ये शिवी दिली.
राय धान्याच्या पातळ पारीत भाताची लापशी,
भट्टीतून काढली की वर वितळलेलं लोणी,
आणि ते लावायचं नाही म्हणते ही बावीस वर्षांची पोर?
तौनो इकोनेननं दारातच विचारलं,
"मग गाईला काय सांगू?"
गाईचं नाव मान्सिक्की.
त्याचा आकडा तीनशे बारा.

सोडलं त्यानं. गाय विकली,
कुरणात बेरीची झुडपं लावली.
दोनशे साठ. दोनशे तीस.
प्रत्येक आकड्याखाली मी वहीत एक रेघ ओढायचे
आणि घरी जाताना शीळ घालायचे.

अठ्ठ्याऐंशी वर्षं जगला.
शेवटची चार वर्षं बायको अनोळखी,
सौनाचं दार कुठल्या बाजूला, तेही.
भेटायला गेले तर माझ्या मानेवरून हात फिरवत म्हणाला,
"मान्सिक्की, आलीस?"
त्याच्या छातीला नळी लावली,
आत ठोके ठणठणीत, एकही चुकार नाही.
इतकं जगवलं आम्ही त्याला
की विसरायलाही वेळ उरला.

आता माझा आकडा घसरतोय, दोन वर्षं, आपोआप.
गोळी नाही, पथ्य नाही.
मला वाटलं डॉक्टर शाबासकी देईल.
तो म्हणाला, "चाळिशीत चढलेला वाईट.
पण या वयात स्वतःहून उतरू लागला, तर कधी कधी..."
आणि पेनाचं टोपण लावत बसला.
अंगातल्या साऱ्या कोलेस्टेरॉलचा चौथा-पाचवा हिस्सा
मेंदूतच असतो म्हणे,
तिथल्या तारांवर साय धरून.
हे बहात्तर साली कळलं असतं तर?
तरी मी तेच केलं असतं.
बर्फातली माणसं मी उचललीत.

"आता सांगा," पिन्या म्हणते, "ते पाच शब्द."
घोडा.
हातमोजा.
निळा. थांब. हो, निळा.
मग काही नाही. तळ्यावर
गाडी गेली, नुसता चरा राहिलाय.
"आणि लोणी," मी म्हणते.
ती कागद बघते, परत बघते.
"लोणी यादीत नव्हतं."
"नव्हतं?"
"नाही, वुओक्को."

ती एक आकडा लिहिते.
मी तो उलटा वाचायला जाते, जुनी खोड,
ती हातानं झाकते, हळूच,
मी झाकायचे तशी.
हनुवटी अगदी त्याची. पणती ना त्याची ही,
नावच आठवेना मघापासून, त्याचं,
लाकूडतोड्या, दारात उभा होता, गाय होती.
"तीनशे बारा," मी म्हणते.
"काय तीनशे बारा?"
"ते विचार ना मला.
ते विचार."